अनेक इंजिने, एक गाडी

गिरगावातील फणसवाडी ही दाटीवाटीच्या घरांची जुनी वाडी. एका बाजूस ठाकूरद्वाराची वर्दळ, आत व्यंकटेशाचे देऊळ, आणि थोडे पश्चिमेस चालत गेले की मरीन लाइन्स व चर्नी रोड ही दोन स्थानके. अशा वाडीत वाढणाऱ्या मुलांना आगगाडी अपरिचित नसते. फलाटावर उभे राहिले की दर काही मिनिटांनी एखादी लोकल येते, माणसांनी भरते आणि निघून जाते. तिचा वेग आणि गर्दी सर्वांच्या लक्षात येते. परंतु एवढे वजन ओढले कसे जाते, हा विचार फारच थोड्यांच्या मनात डोकावतो.

ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर गिरगावच्या रस्त्यावरच सापडते. सामानाने भरलेली हातगाडी सपाट रस्त्यावर एकटा मनुष्य सहज ओढून नेतो. पण पुलाचा चढ आला की तो थांबतो, घाम पुसतो आणि सोबत्याला हाक मारतो. मग एकजण पुढून ओढतो, दुसरा मागून खांदा लावतो, आणि गाडी चढ चढून जाते. दोघांनी एकदम जोर लावला तर काम होते. एकाने आधी व दुसऱ्याने नंतर लावला तर गाडी जागची हलत नाही. आगगाडीच्या जगातही नेमका हाच नियम चालतो. एका इंजिनाला न झेपणारे ओझे अनेक इंजिने मिळून नेतात. मात्र त्यांनी एका मताने चालले पाहिजे, ही त्यात अट असते.

आपल्या देशातील प्रवाशांच्या पहिल्या आगगाडीलाही एकाहून अधिक इंजिने होती. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्याकडे ही गाडी निघाली. तिला चौदा डबे होते व सुमारे चारशे निमंत्रित मंडळी त्यांत बसली होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी भारदस्त नावे धारण करणाऱ्या तीन वाफेच्या इंजिनांनी ती गाडी ओढली. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्या थोर नागरिकांनी खटपट केली, त्यांत गिरगावचे नाना शंकरशेट हे अग्रणी होते. ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटरांचे अंतर सपाट प्रदेशातले होते. खरी परीक्षा पुढेच होती. कारण मुंबई आणि दख्खन यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता.

पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कर्जतपर्यंत कोकणच्या सपाटीवरून जातो. कर्जत सोडले की पळसदरीपासून बोरघाट सुरू होतो आणि लोणावळ्याला संपतो. हे अंतर अवघे २८ किलोमीटरांचे. पण तेवढ्यात गाडीला सुमारे ५५० मीटर उंची गाठावी लागते. घाटातील सर्वांत कठीण चढ ‘सदतिसास एक’ असा आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की ती १ मीटर वर चढते. पायी चालणाऱ्याला हा चढ काहीच वाटत नाही. आगगाडीला मात्र तो डोंगराएवढा वाटतो.

हा मार्ग बांधण्याचे काम १८५६ साली सुरू झाले. जेम्स जॉन बर्कले हे त्याचे मुख्य अभियंते होते. कडे तासून, दऱ्यांवर पूल उभारून आणि पंचवीस बोगदे खोदून वाट काढावी लागली. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांच्या वर मजूर डोंगरात राबत होते. ऊन, पाऊस, सुरुंगाचे स्फोट आणि पटकीसारखे रोग यांनी त्यांपैकी कित्येकांचे प्राण घेतले. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार हे काम हाती घेऊन आला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने मागे न हटता ठेक्याची जबाबदारी पत्करली आणि जाणत्या अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले. १८६३ साली घाट वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६५ साली, नाशिककडे जाणाऱ्या वाटेवरील कसारा ते इगतपुरी हा थळघाटही सुरू झाला. तेथील चढही सदतिसास एक असाच आहे.

आता हा चढ एवढा अवघड का, हे साध्या गणिताने पाहू. पोलादी चाक पोलादी रुळावर फार सहज फिरते. सपाटीवर एक हजार टन वजनाची गाडी चालती ठेवण्यास तीन-चार टन ओढ पुरते. परंतु सदतिसास एक ह्या चढावर गाडीचे वजनच तिला मागे खेचू लागते. हजाराला सदतिसाने भागले असता सुमारे २७ येतात. म्हणजे २७ टनांची जादा ओढ हवी. इंजिनाचे स्वतःचे वजन १२० टन धरले, तर तेही वर चढवायचे असते; त्यासाठी आणखी तीन टन. सगळे मिळून सुमारे ३४ टन ओढ लागते.

आता इंजिनाची बाजू पाहू. इंजिनात कितीही शक्ती असली तरी ती रुळाला लागते ती चाकांमार्फत. चाकाची रुळावरील पकड साधारणपणे इंजिनाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढी धरतात. त्याहून अधिक जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते आणि गाडी पुढे सरकत नाही. चिखलात रुतलेल्या मोटारीचे चाक आपण पाहिलेले असते. तसाच हा प्रकार. १२० टनांच्या इंजिनाची पकड झाली ३० टन, आणि ओढ तर हवी ३४ टन. म्हणजे एकटे इंजिन येथे हरते. पावसाळ्यात रूळ ओले व निसरडे झाले की ही पकड आणखी घटते. तेव्हा चाकांपुढे वाळू सोडून ती वाढवावी लागते. म्हणून शक्तीपेक्षाही वजनदार चाके वाढवणे अगत्याचे ठरते. आणि चाके वाढवायची म्हणजे इंजिने वाढवायची.

ह्या कारणाने कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या थांबतात आणि त्यांच्या शेपटीला दोन किंवा तीन इंजिने जोडली जातात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ही जोडणी होईपर्यंत प्रवासी फलाटावर उतरून गरम बटाटेवडे घेतात. कर्जतच्या वड्याची कीर्ती वाढण्यास घाटाचा चढही थोडाफार कारणीभूत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही इंजिने पुढे न जोडता मागे का जोडतात? ह्याची कारणे विचार करण्याजोगी आहेत. सर्व इंजिने पुढे लावली, तर सगळ्यांची ओढ पहिल्या डब्याच्या जोडावर पडते. मागच्या प्रत्येक डब्याचे ओझे त्या एका जोडातून जात असते. जोड पोलादाचा असला तरी त्याच्या सोसण्याला मर्यादा आहे. मागून इंजिने ढकलू लागली की ओझ्याची वाटणी होते. पुढचे काही डबे पुढचे इंजिन ओढते, मागचे काही डबे मागची इंजिने ढकलतात, आणि कोणत्याही एका जोडावर अतिरेकी ताण पडत नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. चढावर एखादा जोड तुटलाच, तर मागचे डबे मोकळे होऊन उताराला लागतील. शेकडो माणसे त्यांत बसलेली असतील. प्रत्येक डब्याला ब्रेक असतातच. तरीही पाठीशी वजनदार इंजिने उभी असतील तर डबे मागे घसरण्याचा धोका पुष्कळच कमी होतो. म्हणजे मागची इंजिने गाडी चढवतात आणि तिची पाठराखणही करतात.

उतरताना संकटाचे स्वरूप पालटते. चढावर गाडी जात नाही ही काळजी. उतारावर ती थांबत नाही ही काळजी. केवळ ब्रेकच्या ठोकळ्यांवर भिस्त ठेवली, तर चाके तापतात. विजेच्या इंजिनाला येथे एक युक्ती साधते. त्याची मोटार उलट काम करू लागते. चाकांनी ती फिरते, वीज निर्माण करते आणि त्या खटाटोपात गाडीचा वेग आवरते. म्हणून जड मालगाड्या घाट उतरतानाही जादा इंजिने उपयोगी पडतात. शिवाय उताराच्या वाटेत काही ठिकाणी चढावर जाणारे आडवे फाटे ठेवलेले आहेत. गाडीचा ताबा सुटला तर ती ह्या फाट्यावर वळते आणि चढाला लागून थांबते. चालकाने गाडी ताब्यात असल्याचे थांबून दाखवल्यावाचून पुढचा रस्ता त्याला मिळत नाही.

वाफेच्या काळात प्रत्येक इंजिनावर वेगळा चालक व वेगळा कोळसेवाला असे. मागच्या चालकाला पुढचे सिग्नल दिसत नसत. बोगद्यात तर धुरामुळे काहीच दिसत नसे. शिट्टीच्या ठराविक खुणांवर सारा कारभार चाले. पुढच्याने शिट्टी द्यावी, मागच्याने तिला उत्तर द्यावे, आणि मगच दोघांनी जोर लावावा. पुढचा थांबत असताना मागचा ढकलत राहिला, तर मधले डबे चेपून रुळावरून उतरण्याची भीती असे.

विजेने ही अडचण पुष्कळ सोपी केली. १८९७ साली अमेरिकेत फ्रँक स्प्रेग ह्या संशोधकाने शिकागो शहरातील गाडीसाठी एक नामी योजना शोधून काढली. अनेक डब्यांखाली मोटारी बसवायच्या, त्या सर्व तारांनी जोडायच्या आणि पुढे बसलेल्या एकाच चालकाने त्या सर्वांना एकदम हुकूम द्यायचा, अशी ती योजना होती. चर्नी रोडला थांबणारी लोकल ह्याच तत्त्वावर चालते. तिला वेगळे इंजिन नसते. तिच्या काही डब्यांखाली मोटारी असतात आणि चालकाने एक मूठ फिरवताच त्या सर्व एकदम कामाला लागतात.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या मार्गावर धावली. पाच-सहा वर्षांतच वीज दोन्ही घाट चढून गेली. त्या घाटांत वापरलेल्या लांब नाकांच्या मालवाहू इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. त्यांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. पुढे दोन-तीन विजेची इंजिने तारांनी जोडून एकाच चालकाने चालवण्याची पद्धत रूढ झाली. परंतु गाडीच्या पुढचे इंजिन आणि शेपटीची इंजिने यांच्यामध्ये सगळे डबे असतात. म्हणून पुढचा चालक व मागचा चालक यांच्यातील मेळ आजही तितकाच मोलाचा आहे. फक्त शिट्टीच्या सोबतीला आता बिनतारी संभाषण आले आहे.

सपाटीवरील लांब मालगाड्यांतही हाच प्रयोग चालतो. जुलै २०२० मध्ये नागपूर विभागातून ‘शेषनाग’ नावाची २.८ किलोमीटर लांबीची गाडी कोरब्याकडे धावली. चार रिकाम्या मालगाड्या एकामागे एक जोडून ती तयार केली होती आणि प्रत्येकीची इंजिने आपापल्या जागी ठेवली होती. १५ ऑगस्ट २०२२ रोजी ‘सुपर वासुकी’ ही कोळशाने भरलेली गाडी कोरब्याहून नागपूर विभागातील राजनांदगावास गेली. तिला २९५ वाघिणी व ६ इंजिने होती आणि तिची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर होती. म्हणजे चर्नी रोडला तिचे इंजिन उभे केले, तर तिची शेपटी चर्चगेटच्याही पलीकडे गेली असती. ऑस्ट्रेलियात २१ जून २००१ रोजी लोहखनिजाच्या एका गाडीला ६८२ वाघिणी व ८ इंजिने होती. ती सात किलोमीटरांहून लांब असूनही तिच्यावर चालक एकच होता. दूरवरच्या इंजिनांना तो बिनतारी संदेशाने हुकूम देत होता.

ज्यांना एवढ्या प्रचंड गाड्या हाताळता येत नाहीत, अशा हौशी लोकांनी हेच शास्त्र छोट्या प्रतिकृतींतून अभ्यासले आहे. खऱ्या गाडीच्या ८७ पटींनी लहान अशा आगगाड्या जगभर लोकप्रिय आहेत. त्यांच्या दोन रुळांमधील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर असते. पुण्यात जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय असून ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे लहान गाड्या, सिग्नल आणि स्थानके यांचे एक गावच पाहावयास मिळते.

अशा छोट्या इंजिनाला चाळीस-पन्नास वाघिणी जोडल्या, तर त्याचीही चाके जागीच फिरू लागतात. मग हौशी माणूस दुसरे इंजिन जोडतो, आणि येथे खरा धडा सुरू होतो. दोन्ही इंजिनांची चाल सारखी नसेल तर जलद इंजिन मंद इंजिनाला फरफटत नेते. तेव्हा दोघांची शक्ती एकत्र होण्याऐवजी एकमेकांविरुद्ध खर्च होते. काळ्या रानात नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपणारा शेतकरी सारख्या चालीचे बैल का निवडतो, हे ह्यावरून कळते. म्हणून आधी इंजिने सुटी चालवून त्यांचे वेग जुळवतात. नवीन पद्धतीत प्रत्येक छोट्या इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. जुळलेल्या इंजिनांना मिळून एकच क्रमांक दिला की ती सर्व एका हुकमाने चालतात.

दुसरी अडचण वळणावर येते. टेबलावर दोरी वळणदार ठेवून तिची दोन्ही टोके ओढली तर ती सरळ होऊ पाहते. लांब गाडीचेही तसेच होते. पुढची ओढ फार झाली की मधल्या हलक्या वाघिणी वळणाच्या आतल्या बाजूस कलंडतात. उलट मागचे इंजिन फार जोरात ढकलू लागले तर त्या बाहेरच्या बाजूस फेकल्या जातात. म्हणून जड वाघिणी पुढे व हलक्या मागे ठेवाव्यात, काही इंजिने गाडीच्या मध्यावर किंवा शेवटी लावावीत, आणि ओढ व ढकल यांचा तोल सांभाळावा. टेबलावर चूक झाली तर पडलेली वाघीण उचलून पुन्हा ठेवता येते. घाटात ती सोय नसते. म्हणूनच छोट्या गाडीवर शिकलेला हा धडा मोलाचा आहे.

काळ पुढे चालला आहे. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून सोलापूर व शिर्डी येथे जाणाऱ्या वंदे भारत गाड्या बँकरवाचून घाट चढतात. त्यांच्या निम्म्या आसांना मोटारी असल्यामुळे जोर साऱ्या गाडीभर वाटलेला असतो. परंतु इतर जड गाड्यांचे बँकरवाचून अद्याप चालत नाही. लोणावळा आले की ही मागची इंजिने सोडवली जातात. गाडी पुण्याकडे निघून जाते. बँकर मात्र घाट उतरून पुन्हा कर्जतला येतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहत उभे राहतात. सिग्नल पुढच्याला दिसतो, मुक्कामाला पोहोचल्याचे श्रेयही पुढच्यालाच मिळते. पण घाट ओलांडला जातो तो मागच्यांनी वेळेवर आणि बेताने लावलेल्या खांद्यामुळे.

शब्दार्थ

वर्दळ – लोकांची ये-जा
अग्रणी – पुढाकार घेणारा
तडीस नेणे – शेवटास नेणे, पूर्ण करणे
वाघीण – मालगाडीचा डबा
पाठराखण – मागे राहून केलेले रक्षण
भिस्त – भरवसा
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली लहान वस्तू
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या प्रवासी गाडीच्या तीन इंजिनांची नावे कोणती?
(आ) ‘सदतिसास एक’ चढ म्हणजे काय?
(इ) ॲलिस ट्रेडवेल हिने कोणती जबाबदारी पत्करली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बँकर इंजिने गाडीच्या मागे जोडण्याची दोन कारणे सांगा.
(आ) विजेची मोटार उतारावर गाडीचा वेग कसा आवरते?
(इ) छोट्या गाडीला दोन इंजिने जोडण्यापूर्वी त्यांचे वेग का जुळवतात?

३. गणित करा. ७४० टन वजनाची गाडी सदतिसास एक चढावर उभी आहे. तिचे वजन तिला किती टनांनी मागे खेचते?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
खांदा लावणे, तडीस नेणे, मागे न हटणे, ताबा सुटणे.

५. करून पाहा. काड्यापेटीच्या दहा रिकाम्या पेट्या दोऱ्याने एकमेकींना जोडा. त्यांची माळ टेबलावर वळणदार मांडा. प्रथम फक्त पुढून ओढा. नंतर पुढून ओढत असतानाच मागून हलकेच ढकला. दोन्ही वेळी मधल्या पेट्या कोणत्या बाजूस सरकल्या, ते वहीत लिहा व त्याचे कारण सांगा.